झाकलेल्या वेलाला फळ का धरत नाही? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या महिन्यात आलेले बहुतेक प्रश्न क्रॉप कव्हर, शेडनेट आणि पॉलिहाऊसमधल्या आगात भाजीपाल्याचेच आहेत आणि त्यातले निम्मे तर फूल येते पण फळ येत नाही या एकाच तक्रारीचे. म्हणून या वेळी बाकीचे बहुतेक प्रश्न मागे ठेवून हेच घेतो, कारण हंगाम आता चालू आहे आणि पुढच्या महिन्यात उत्तर देऊन काही उपयोग नाही.

प्रश्न : मी नोव्हेंबरच्या शेवटी पाऊण एकरात टरबूज लावलं, मल्चिंग ड्रिप सगळं केलं अन् वरून क्रॉप कव्हर टाकलं. वेल असा मस्त झाला की गावातले लोक पाहाले येऊन राहिले. पण फळच धरत नाई, बोराएवढं होते, पिवळं पडते अन् गळून जाते. थंडी लय आहे म्हणून कव्हर अजून काढलं नाई. एक दुकानदार म्हणते बोरॉन मारा, दुसरा म्हणते टॉनिक मारा. काय करू?
(वाचक, आर्वी तालुका, जि. वर्धा)

उत्तर : भाऊ, बोरॉन आणि टॉनिक दोन्ही आधी बाजूला ठेवा, तुमच्या वेलाला काहीच झालेलं नाही, तुमच्या वेलापर्यंत मधमाशी पोहोचत नाहीये एवढंच झालंय.

टरबुजात नर फूल वेगळं आणि मादी फूल वेगळं, एकाच वेलावर, साधारण सात नर फुलांमागं एक मादी फूल. मादी ओळखायची तर फुलाच्या मागं बघा, तिथं केसाळ बारीक गोळी दिसते, तेच पुढचं फळ. आता या नराचा पराग चिकट आणि जड असतो, वाऱ्यानं उडत नाही, तो कोणीतरी अंगावर घेऊन मादीपर्यंत न्यावा लागतो आणि आपल्याकडं हे काम मधमाशीच करते. फूल उघडते सूर्य वर आल्यावर तास-दोन तासांनी, दुपारनंतर मिटते, आणि एकदा मिटलं की दुसऱ्या दिवशी परत उघडत नाही. म्हणजे एका मादी फुलाला आयुष्यात एकच सकाळ मिळते. त्या सकाळी माशी एकदा येऊन गेली तरी पुरत नाही, चांगलं गोल फळ धरायला एका फुलावर किमान आठ वेळा तरी माशी बसावी लागते असं अभ्यासात दिसलंय. आलीच नाही तर ती गोळी तीन-चार दिवस थांबते, पिवळी पडते आणि गळते. तुम्ही लिहिलंय अगदी तसंच.

क्रॉप कव्हर हे पांढरं नॉनवोव्हन कापड असते, १७ ते २५ जीएसएमचं म्हणजे एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचं, त्यातून उजेड जातो, हवा जाते, थोडं पाणीही जाते, पण नागअळीची माशी, पांढरी माशी, लाल भुंगेरे काही आत शिरत नाही, आणि त्यासाठीच आपण ते टाकतो. पण जे कापड पांढरी माशी थांबवते ते मधमाशीलाही थांबवतेच ना. म्हणून कव्हर हे वेल वाढायच्या दिवसांसाठी, फुलांच्या दिवसांसाठी नाही. लागवडीपासून साधारण २५-३० दिवसांत, पहिली मादी फुलं दिसायला लागली की कव्हर उघडायचं, आणि दिवस मोजण्यापेक्षा वेलाकडं बघून ठरवा, कारण थंडीत वेल हळू चालतो आणि कॅलेंडर तेवढंच धावते.

आता तुमची खरी अडचण थंडीची आहे हे मला समजते. पूर्वी आपल्याकडं टरबूज जानेवारी-फेब्रुवारीत लागायचं आणि एप्रिल-मे मध्ये निघायचं, तेव्हा हा प्रश्नच नव्हता. पण रमजान दरवर्षी १०-११ दिवस मागे सरकतो, आता तो फेब्रुवारीत आलाय, आणि भाव पाहिजे तर माल तेव्हा पाहिजे म्हणून लोकं नोव्हेंबरात लावून राहिले. ७० दिवसांचं पीक धरलं तर त्याची फुलं बरोबर डिसेंबरच्या शेवटी येतात, म्हणजे वर्धा-नागपूरकडं पारा १० च्या खाली जातो त्याच आठवड्यांत. थंडीत फूल उशिरा उघडते, पराग उशिरा मोकळा होतो, आणि हवा १२-१३ अंशांच्या खाली असली की पेटीतली मेलिफेरा ही परदेशी मधमाशी बाहेरच पडत नाही, आपली देशी सातेरी मधमाशी थोडी आधी निघते. म्हणजे कव्हर काढलं तरी कामाचे तास थोडेच, नऊ-साडेनऊ ते दुपारी एक-दोन.

म्हणून असं करा. कव्हर पूर्ण काढून धुऱ्यावर फेकू नका. सकाळी धुकं-दव उतरलं की नऊच्या सुमारास एका बाजूनं कव्हर उचलून तारेच्या कमानीवर वर टाका, क्लिपा लावा, वेल पूर्ण मोकळा दिसला पाहिजे, आणि चार-साडेचारला परत खाली सोडा. फक्त टनेलची दोन्ही तोंडं उघडून भागत नाही, माशी लांब बोगद्यात आत जात नाही, पहिल्या दहा-पंधरा फुटांत फळ दिसेल आणि मधे काहीच नाही. हे रोजचं काम आहे, माणूस लागतो, पण साधारण दोन आठवडे केलं की फळ धरायचा मुख्य काळ निघून जातो. फळ लिंबाएवढं झालं की मग थंडी ओसरल्यावर कव्हर कायमचं काढा. वेलावरचं अगदी बुडाजवळचं पहिलं फळ बहुतेक वेळा लहान आणि वाकडं राहते, ते काढून टाकलं तरी चालते, दुसऱ्या-तिसऱ्या मादी फुलावरचं फळ ठेवा.

कव्हर उघडल्याबरोबर बाहेरची कीड एकदम आत येते, त्यामुळं घाबरून लोकं उघडायच्या दिवशीच मोठा फवारा मारतात, ते सगळ्यात वाईट. फवारायचंच असेल तर उघडायच्या चार-पाच दिवस आधी, संध्याकाळी. आणि इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झामसारखी औषधं कळी दिसल्यापासून पुढं ड्रिपमधूनही सोडू नका, ती झाडात भिनतात आणि मध-परागात उतरतात. पिवळे-निळे चिकट सापळे लावा, ते चालतात.

एक राहिलंच, कोणी सांगितलं असेल की मादी फुलं वाढवायला इथ्रेल हे संजीवक मारा, तर ते काकडीला चालते म्हणून टरबुजाला मारू नका, टरबुजात त्याचा परिणाम उलटा होतो, मादी फुलं कमी होतात.

प्रश्न : आमच्या बचत गटानं मिळून लहान शेडनेट केलं, बाजूनं बारीक जाळी लावली आहे. त्यात गावरान काकडी, दोडके आणि लवकी (दुधी) लावली. फुलं भरपूर, पण काकडी दोन-चारच लागल्या आणि दोडके-लवकीला तर काहीच नाही. जाळी काढून टाकायची का? इतका खर्च केला, सगळ्या बायका विचारून राहिल्या.
(महिला बचत गट, पवनी तालुका, जि. भंडारा)

उत्तर : ताई, जाळी काढायची गरज नाही, पण बियाणं निवडताना तुम्हाला कोणी सांगायला पाहिजे होतं ते सांगितलं नाही असं दिसते.

बारीक ४० मेशच्या, म्हणजे एका इंचात ४० घरं असलेल्या जाळीतून मधमाशी जात नाही. म्हणून बंद शेडनेटमध्ये जी काकडी लावतात ती वेगळी असते, तिला पार्थेनोकार्पिक म्हणतात, तिला परागाची गरजच नसते, बहुतेक सगळी फुलं मादी आणि प्रत्येक पेरावर फळ, आत बी जवळजवळ नाही. बियाणं महाग असते, एकेक बी काही रुपयांना पडते, पण बंद जाळीत तेच परवडते. उलट ती काकडी उघड्यावर लावली आणि माश्या बसल्या तर तिच्या टोकाला बी भरते, टोक फुगते आणि व्यापारी माल मागं काढतो. म्हणून एकाच जाळीत दोन्ही जाती मिसळू नका.

तुमची गावरान काकडी माशी मागते, दोडका-लवकी पण मागते. आता या हंगामापुरता सोपा उपाय म्हणजे हातानं परागीकरण, आणि ते बायका खूप छान करतात कारण नजर आणि हात दोन्ही हलके लागतात. सकाळी ताजं उघडलेलं नर फूल तोडायचं, पाकळ्या मागं दुमडायच्या किंवा काढून टाकायच्या, मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मधल्या भागावर सगळीकडं हलकेच फिरवायचा, एकाच बाजूला लावला तर फळ वाकडं होते. एक नर फूल दोन-तीन मादींना पुरते.

पण इथंच बहुतेक लोक फसतात, सगळ्या वेलांची वेळ सारखी नसते. काकडी, कारलं, कोहळं, घोसाळं यांची फुलं सकाळी उघडतात, त्यांचं काम सकाळी सात ते दहा. दोडक्याचं फूल संध्याकाळी उघडते. लवकीचं पांढरं फूल पण दिवस कलल्यावर उघडते आणि रात्रभर राहते, बाहेर त्याचं परागीकरण रात्रीचे पतंग करतात. तुम्ही सकाळी जाऊन दोडक्या-लवकीच्या कोमेजलेल्या फुलांवर मेहनत केली तर हाती काही लागणार नाही, त्यांच्यासाठी संध्याकाळी साडेपाच-सहा नंतर जा, टॉर्च घेऊन. आणि जाळीत संध्याकाळी जाताना पायाखाली बघून जा, आपल्याकडं साप-विंचू असतात.

पुढच्या वेळी माझं मत विचाराल तर दोडका, लवकी, कारलं हे जाळीत नेऊच नका, त्यांना मांडव आणि मोकळी हवा द्या, आणि जाळीत पार्थेनोकार्पिक काकडी, मिरची, नाहीतर सांभार (कोथिंबीर)-पालक घ्या. सांभार आणि पालकाचं फळ घ्यायचंच नाही त्यामुळं माशीचा प्रश्नच नाही, आणि उन्हाळ्यात नेटमधल्या सांभाराला आपल्या बाजारात जो भाव मिळतो तो तुम्हाला माहितीच आहे.

प्रश्न : पॉलिहाऊसमध्ये टमाटर आहे, जानेवारीत फुलं देठापासून वाळून गळून राहिली. मधमाशीची पेटी आत ठेवू का?
(वाचक, चिखली, जि. बुलडाणा)

उत्तर : ठेवू नका, पैसे आणि माश्या दोन्ही वाया जातील. टमाटरच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही असतात, त्यामुळं पराग बाहेरून आणायची गरज नाही, पण तो पराग आतल्या पिवळ्या नळीत बंद असतो आणि फूल हललं की खाली झडतो. उघड्या वावरात वारा हे काम करतो. पॉलिहाऊसमध्ये वारा नाही. मधमाशी टमाटरच्या फुलावर फारशी जात नाही, तिला फूल थरथरवता पण येत नाही. ते काम येते मोठ्या काळ्या भुंग्याला, जो वाळल्या लाकडात आणि बांबूत भोक पाडून राहते, आणि जमिनीत-मातीच्या भिंतीत घर करणाऱ्या निळ्या पट्ट्यांच्या माशीला, ती फुलाला धरून पंखांचे स्नायू थरथरवते आणि पराग बाहेर पडतो. युरोपात १९८० च्या दशकाच्या शेवटापासून हरितगृहात यासाठी बंबलबी नावाच्या केसाळ माश्यांच्या पेट्या ठेवतात, त्याआधी तिथं माणसं हातात थरथरणारं यंत्र घेऊन प्रत्येक गुच्छाला लावत फिरायची. बंबलबी आपल्याकडं हिमालयाच्या थंड भागात सापडते, विदर्भात नाही.

तर तुम्ही असं करा, ज्या सुतळ्यांवर झाडं बांधली आहेत त्यांच्या वरच्या तारेला काठीनं हलके ठोके द्या, एक दिवसाआड, सकाळी १० ते दुपारी १ च्या मधे, फूल कोरडं असताना. ब्लोअर असेल तर लांबून हवा मारली तरी चालते.

पण त्याच्याआधी पडदे. तुमच्या वर्णनावरून वाटते की थंडीच्या भीतीनं तुम्ही बाजूचे पडदे दिवसभर खाली ठेवता. रात्री टमाटरला १३ अंशांच्या खाली गेलं की पराग कमजोर होते, म्हणून रात्री पडदा पाहिजेच. पण सकाळी आत दमटपणा साचलेला असते, ८०-८५ टक्क्यांच्या वर गेलं की पराग ओला होऊन चिकटून बसते, मग तुम्ही कितीही ठोके दिले तरी झडत नाही. ऊन आल्यावर नऊच्या सुमारास पडदे वर करा. आणि मार्चपासून उलटं होईल, दिवसा ३२-३५ च्या वर गेलं की फुलं परत गळतील, तेव्हा त्याच्यासाठी ठोके कामाचे नाहीत, सावली आणि हवा लागेल.

प्रश्न : वांग्याची अर्धी फुलं गळतात. रोग आहे का?
(वाचक, काटोल, जि. नागपूर)

उत्तर : बहुतेक नाही. वांग्याच्या एकाच झाडावर वेगवेगळी फुलं असतात, काहींची मधली काडी पिवळ्या परागकोषांच्या वर डोकावते, काहींची आतच आखूड राहते. लांब काडीच्या फुलाला फळ धरते, आखूड काडीचं फूल गळायचंच असते. चार-पाच झाडांवरची फुलं तोडून बघा. आखूड काडीची फारच जास्त असतील तर पाण्याचा ताण देऊ नका, पंपाची लाईट रात्रीची असो की दिवसाची, पाणी थोडं थोडं पण नियमित.

प्रश्न : डिसेंबरात टरबुजाचं बी ट्रेमध्ये टाकलं, आठ दिवस झाले तरी नीट उगवलं नाई. बियाणं बोगस आहे का?
(वाचक, दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : तसं लगेच म्हणू नका, थंड कोकोपीटमध्ये चांगलं बी पण कुजते. बी टाकून पाणी दिल्यावर ट्रे एकावर एक रचा, वरून काळ्या प्लॅस्टिकनं सगळीकडून झाकून खोलीत उबेला ठेवा, दोन दिवसांनंतर रोज उचलून बघा, कोंब डोकावला की त्याच दिवशी ट्रे मोकळे करून उजेडात लहान टनेलखाली मांडा, उशीर केला तर रोपं लांबट होतात. दोन खरी पानं आली, साधारण १२-१५ दिवसांत, की लावा, टरबुजाचं मोठं झालेलं रोप मूळ दुखावल्यावर लवकर सावरत नाही.

प्रश्न : मधमाशीच्या पेट्या आणायच्या म्हणतो, दोन एकर खरबूज आहे. किती लागतील, कुठं मिळतील? शेजारी तुरीवर फवारते, त्याचं काय करावं?
(वाचक, दर्यापूर, जि. अमरावती)

उत्तर : एकरी एक-दोन पेट्या पुरतात. पण पेट्या फुलं यायच्या आधी आणून ठेवू नका, माश्या आजूबाजूची तूर, मोहरी धरतात आणि मग तुमच्या खरबुजाकडं बघत नाहीत. पाच-दहा टक्के फुलं उघडली की रात्री पेट्या आणा, तोंड पूर्वेकडं, दुपारची सावली, वाऱ्याच्या आड, पाय पाण्याच्या वाट्यांत म्हणजे मुंग्या चढणार नाहीत, आणि जवळ उथळ भांड्यात खडे टाकून पाणी. एकदा ठेवल्यावर वावरातल्या वावरात हलवू नका, माश्या जुन्या जागी परत जाऊन मरतात.

पेट्यांसाठी तुमच्या भागातल्या कृषी विज्ञान केंद्रात आणि अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात चौकशी करा, राज्य खादी मंडळाची मधकेंद्र योजना आहे, त्यात प्रशिक्षण आणि अनुदानावर पेट्या मिळतात, आणि पुण्याला केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे, तिथंही प्रशिक्षण होते. प्रशिक्षण घेतल्याशिवाय पेट्या विकत घेऊ नका, सुरुवातीला मधपाळाकडून भाड्यानं आणा.

पेटी मिळाली नाही तरी धुऱ्यावर सांभार, मोहरी, सूर्यफुलाची एखादी ओळ फुलावर येऊ द्या आणि शिवारातली फुलोरी, सातेरी, आग्या मोहोळं जाळू देऊ नका. वैनगंगेच्या, वर्धेच्या रेतीतल्या डांगरवाड्यांमध्ये कोणी पेटी ठेवत नव्हतं तरी खरबुजं लदायची, कारण काठावरच्या झाडांवर मोहोळं होती.

शेजाऱ्याशी भांडू नका, बोला. त्यांना म्हणा फवारा बंद करू नका, फक्त वेळ बदला, संध्याकाळी पाचनंतर मारा जेव्हा माश्या घरी परतलेल्या असतात, आणि आदल्या दिवशी सांगा म्हणजे मी रात्रीच पेटीचं तोंड जाळीनं बंद करतो. आणि हे पण सांगा की फवारणाऱ्या माणसानं मास्क, हातमोजे, पूर्ण कपडे घातल्याशिवाय पंप पाठीवर घेऊ नये. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं आपली माणसं गेली, ते विसरून चालणार नाही, माशीच्या आधी माणूस.

प्रश्न : कारली आणि काकड्या वाकड्या येऊन राहिल्या. परागीकरण कमी का फळमाशी?
(वाचक, ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर)

उत्तर : फळ हातात घेऊन वाकलेल्या जागेवर बघा. तिथं सुई टोचल्यासारखा बारीक डाग असेल, त्यातून डिंकासारखा थेंब आलेला असेल, कापल्यावर आत पांढऱ्या अळ्या असतील तर फळमाशी. मग क्यू ल्युअरचे (नर फळमाशीला ओढून घेणाऱ्या वासाचे) सापळे एकरी पाच-सहा लावा, फुलं येताच लावा, नंतर नाही, आणि किडकी फळं धुऱ्यावर न फेकता खड्ड्यात पुरा किंवा पिशवीत बांधून उन्हात ठेवा, नाहीतर अळी जमिनीत जाऊन परत माशी होते. डाग नाही, डिंक नाही, एक बाजू भरलेली आणि दुसरी चिपलेली, कापल्यावर चिपलेल्या बाजूला बी भरलेलं नाही, तर पराग कमी पडला. मग सापळे वाढवून काही होणार नाही, सकाळी आठ-नऊला वावरात उभं राहून फुलांवर किती माश्या येऊन राहिल्या ते दोन-तीन दिवस बघा, दिसल्याच नाहीत तर वर बचत गटाला सांगितलंय तसं हातानं सुरू करा.